मोटारीच्या वातानुकूलन यंत्राची गळती : परीक्षा व दुरुस्ती

परभणी जिल्ह्यांतील उन्हाळा कसा असतो हें आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. चैत्र-वैशाखांत पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो, काळी जमीन तापून भेगाळते, आणि भर दुपारीं परभणीहून जिंतुरास किंवा गंगाखेडास जाणें म्हणजे भट्टीसमोर बसण्यासारखें होतें. अशा दिवसांत घरांतील वृद्ध वा आजारी माणसास नांदेडच्या दवाखान्यांत न्यावयाचें असेल, तर मोटारींतील गार हवेस चैन म्हणतां येत नाहीं. चारचाकी मोटारी आतां खेडोपाडीं झाल्या आहेत. शिवाय बंद कोठीचे ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्रें आणि कापणी-मळणीचीं मोठीं यंत्रें यांतही वातानुकूलन बसविलेलें येऊं लागलें आहे. मालमोटारींत चालकाच्या कोठीस वातानुकूलन असावें अशी अधिसूचना केंद्र सरकारनें २०२३ सालीं काढली. तेव्हां या यंत्राची निगा हा विषय शेतकऱ्यानें आपला म्हणून समजून घेण्यासारखा झाला आहे.

या यंत्राविषयीं एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. “गेल्या फाल्गुनांत गॅस भरला होता, यंदा पुन्हां संपला.” भरणाराही पुष्कळदां तेंच सांगतो, कीं वर्ष झालें म्हणजे गॅस संपावयाचाच. हा समज चुकीचा आहे. डिझेल जळतें म्हणून संपतें. हा गॅस जळत नाहीं व खर्चही होत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ इतकाच, कीं तो कोठून तरी बाहेर गेला. रबरी नळ्यांतून वर्षाकाठीं कांहीं थोडे ग्रॅम झिरपतात हें खरें, व त्यामुळें बऱ्याच वर्षांनीं थोडी भर घालावी लागली तर नवल नाहीं. परंतु दरसाल भरणें हें स्वाभाविक मानूं नये. पाटाचें पाणी शेताच्या टोंकापर्यंत पोंचत नसेल, तर जाणता शेतकरी वरून अधिक पाणी सोडीत नाहीं. आधीं पाट कोठें फुटला तें पाहतो. येथेंही तोच न्याय लागू आहे. आधीं गळती शोधावी, मग ती बुजवावी, आणि त्यानंतरच गॅस भरावा.

यंत्राची रचना

माठांतील पाणी गार कां होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. माठाबाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होतांना ती आंतील उष्णता घेऊन जाते. मोटारींतील यंत्र याच नियमानें चालतें. माठाची वाफ वाऱ्यावर निघून जाते; येथें ती गोळा करून तिचा पुन्हां द्रव करितात, इतकाच फरक.

या कामाकरितां पांच मुख्य भाग असतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅसास दाबतो. दाबलेला तप्त गॅस रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरांत जातो व तेथें वाऱ्यानें निवून त्याचा द्रव होतो. हा द्रव ड्रायर नांवाच्या डबींतून जातो. तींत ओलावा शोषून घेणारे मणी असतात. पुढें एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून तो एकदम कमी दाबाच्या कूलिंग कॉइलमध्यें शिरतो व उकळून वायुरूप होतो. उकळण्यास लागणारी उष्णता तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेंतून घेतो, म्हणून गाडींत गार वारा येतो. तेथून गॅस पुन्हां कॉम्प्रेसरकडे परततो. गॅसाबरोबर थोडें तेलही फिरत असतें. कॉम्प्रेसरचें वंगण तेंच. या तेलाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण गळती शोधतांना तिचाच मोठा उपयोग होतो.

आपल्याकडील बहुतेक मोटारींत आर-१३४ए नांवाचा गॅस असतो. उघड्या हवेंत तो उणे २६ अंशांस उकळतो. लहान मोटारींत तो साधारणपणें ४०० ते ६०० ग्रॅम मावतो; मागच्या आसनांकरितां निराळी कॉइल असलेल्या गाडीस अधिक लागतो. नेमका कोणता गॅस व किती ग्रॅम, हें बॉनेटखालीं चिकटविलेल्या पट्टीवर छापलेलें असतें. धुतांना ही पट्टी निघून जाते, यास्तव तीवरील मजकूर वहींत उतरून ठेवावा.

गळतीच आहे काय ?

गार हवा कमी झाली कीं गळतीच झाली असें नाहीं. खालील गोष्टी मालकानें स्वतः पाहाव्या. त्यांस पैसा लागत नाहीं.

पहिली गोष्ट, आंतल्या हवेची जाळी. ही बहुधा पुढच्या खणाच्या मागें असते. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती जाळींत बसली कीं वारा मंद होतो, पण जो येतो तो गारच असतो. वारा मंद व गार असेल तर दोष जाळीचा. वारा जोराचा पण कोमट असेल तर पुढें पाहावें.

दुसरी गोष्ट, कंडेन्सर. मानवत-सेलूकडे कापसाच्या गाड्यांमागून जाणाऱ्या मोटारीच्या कंडेन्सरवर तंतू व धूळ यांचा थर बसतो. उसाच्या पाचटाचा भुसाही तसाच बसतो. मग आंतील उष्णता बाहेर जात नाहीं. इंजिन निवाल्यावर हलक्या धारेनें पाणी मारून तो धुवावा. जोराच्या धारेनें पातळ पाती वांकतात.

तिसरी, कंडेन्सरचा पंखा. गाडी धांवतांना हवा गार आणि उभी राहतांच कोमट, असें होत असेल तर पंखा फिरतो कीं नाहीं तें पाहावें.

चौथी, कॉम्प्रेसरचा पट्टा व क्लच. बटण दाबतांच ‘टक्’ असा आवाज होऊन पुढची थाळी फिरूं लागते. ती मुळींच फिरत नसेल, तर फ्यूज उडाला असेल किंवा गोठ्याजवळ उभ्या केलेल्या गाडीची वायर उंदरांनीं कुरतडली असेल. मात्र गॅस फारच कमी झाला तरीही दाबाचें बटण क्लच बंद ठेवतें, हें विसरूं नये. कांहीं नव्या गाड्यांत असा क्लच नसतो. तेथें आवाजावरून परीक्षा होत नाहीं.

एका गोष्टीनें मात्र घाबरूं नये. गाडी उभी केल्यावर खालीं पाण्याचे थेंब पडतात, ती गॅसाची गळती नसते. हवेंतील ओल गार कॉइलवर जमून नळीवाटे बाहेर पडते. यंत्र चांगलें चालल्याचें तें लक्षण आहे. हेंच पाणी पायाखालच्या गालिच्यावर येऊं लागलें तर ती नळी चिखलानें तुंबली असें समजावें.

या सर्व गोष्टी ठीक असून गारवा आठवड्या-महिन्यांनीं हळूहळू घटत गेला असेल, आणि क्लच पुन्हां पुन्हां लागत-सुटत असेल, तर गळतीचा संशय घेण्यास जागा आहे.

दाबावरून काय समजतें

कारागीर दोन घड्याळें, म्हणजे गेज, जोडून दाब पाहतो. येथें पुष्कळांची फसगत होते. गाडी कांहीं तास सावलींत बंद असली, तर दोन्ही घड्याळें सारखाच दाब दाखवितात व तो केवळ उष्णमानावर अवलंबून असतो. आर-१३४ए गॅसाचा हा दाब ३० अंशांस सुमारें ९७, ३५ अंशांस सुमारें ११४ आणि ४० अंशांस सुमारें १३३ पौंड असतो. दाब याहून बराच कमी असेल, तर आंत द्रव उरलाच नाहीं, गॅस पुष्कळ गेला, असें निश्चित समजावें. दाब याहून बराच अधिक असेल, तर आंत हवा किंवा दुसरा गॅस मिसळला आहे.

परंतु दाब बरोबर आला म्हणून गॅस पुरेसा आहे, असें ठरत नाहीं. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचें उदाहरण घ्या. तो भरलेला असो वा अर्धा असो, शेगडी सारख्याच जोरानें पेटते. किती उरला हें वजनावरूनच कळतें. येथेंही तसेंच आहे. आंतील गॅस यंत्रानें काढून घेऊन तोलावा व पट्टीवरील आंकड्याशीं ताडून पाहावा, हीच खरी परीक्षा. केवळ घड्याळाचा कांटा पाहून “थोडा कमी आहे, भरून देतों” असें म्हणणाऱ्याचा अंदाज चुकण्याचा संभव फार.

गळतीचीं ठिकाणें

आपल्या भागांत गळती होते तीं ठिकाणें व त्यांचीं कारणें अशीं आहेत :

१. नळ्यांचे सांधे. प्रत्येक सांध्यांत रबराची बारीक कडी, म्हणजे ओ-रिंग, असते. इंजिनाच्या तापानें ती वर्षांनुवर्षें कडक होते व चिरते.

२. गॅस भरण्याच्या तोंडांतील पिना. या सायकलच्या ट्यूबमधील व्हॉल्व्हपिनेसारख्याच असतात. त्यांवरील टोपणें हरवलीं कीं धूळ आंत जाते आणि पिना नीट बसत नाहींत. अगदीं अल्प किंमतीच्या या पिनेमुळें सगळा गॅस गेल्याचीं उदाहरणें पुष्कळ आढळतात.

३. कंडेन्सर. तो गाडीच्या तोंडाशीं असल्यामुळें पुढील गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा प्रथम त्यासच लागतो. चिखल सांचून राहिल्यास ॲल्युमिनियम गंजतें.

४. कॉम्प्रेसरच्या दांड्याचें सील. हें तेलानें ओलें राहिलें तरच घट्ट बसतें. आपल्याकडे कार्तिकापासून माघापर्यंत थंडी असल्यानें तीन-चार महिने कोणी बटणास हात लावीत नाहीं. सील कोरडें पडतें व गॅस सुटतो. म्हणून थंडींतही आठवड्यांतून एकदां दहा मिनिटें यंत्र चालवावें.

५. रबरी नळ्या व त्यांवरील दाबून बसविलेल्या धातूच्या पट्ट्या. खडकाळ वाटेवर व नांगरटींत चालणाऱ्या ट्रॅक्टरास सतत हादरे बसतात. नळी एखाद्या कडेवर घांसून पातळ होते.

६. कूलिंग कॉइल. ती नेहमीं ओली असते. धूळ तिच्यावर बसून चिखल होतो व कालांतरानें बारीक छिद्रें पडतात. ती दर्शनी फळीच्या आंत दडलेली असल्यामुळें ही गळती सर्वांत शेवटीं सांपडते.

शोधण्याच्या रीती

पहिली रीत डोळ्यांची. गॅस दिसत नाहीं, पण त्याबरोबर तेल बाहेर येतें व त्यावर धूळ चिकटते. म्हणून कोरड्या धुळीनें माखलेल्या इंजिनांत एखाद्या सांध्याभोंवतीं काळा, तेलकट डाग दिसला, तर तेथेंच प्रथम संशय घ्यावा. यास्तव कारागिराकडे नेण्यापूर्वीं इंजिन धुऊं नये; धुतल्यानें पुरावा निघून जातो.

दुसरी रीत साबणाच्या फेसाची. पंक्चर शोधतांना ट्यूब पाण्याच्या घमेल्यांत बुडवितात, तिचाच हा प्रकार. सांध्यावर कुंचल्यानें दाट फेस लावला कीं गळतीच्या जागीं बुडबुडे येतात. मोठी गळती यानें लगेच सांपडते. बारीक गळतीस ही रीत पुरत नाहीं.

तिसरी रीत नायट्रोजनची. उरलेला गॅस काढून घेऊन कोरडा नायट्रोजन दाब-नियंत्रक लावून सुमारें १५० पौंडांपर्यंत भरतात, नळ्या बंद करितात आणि तासभर कांटा पाहतात. कांटा उतरला तर गळती निश्चित. मग फेस लावून ती जागा शोधावी. ही परीक्षा सावलींत करावी, कारण ऊन लागल्यास दाब आपोआप चढतो व अल्प गळती झांकली जाते.

चौथी रीत रंगाची. तेलांत चमकणारा रंग घालून गाडी कांहीं दिवस चालवितात व नंतर अंधारांत जांभळ्या किरणांच्या दिव्यानें पाहतात. जेथून तेल निघालें तेथें हिरवट-पिवळा डाग चमकतो. मंद गळतीस ही रीत फार उपयोगी.

पांचवी रीत हुंगणाऱ्या विद्युत् यंत्राची. हें वर्षाकाठीं थोड्या ग्रॅमांची गळतीही ओळखतें. गॅस हवेहून जड असल्यानें यंत्राची नळी सांध्याच्या खालच्या बाजूनें हळूहळू फिरवावी; वारा सुटला असतां काम करूं नये. कॉइलचा संशय असेल तर पंखा थोडा वेळ बंद ठेवून पाणी पडण्याच्या नळीच्या तोंडाशीं हुंगावें.

पोकळी करून कांटा टिकतो कीं नाहीं, हेंही पाहतात. परंतु केवळ त्यावर विसंबूं नये. पोकळींत बाहेरून आंत दाब पडतो तो एका वातावरणाचा. प्रत्यक्ष चालतांना आंतून बाहेर पडतो तो त्याच्या अनेक पट. आंत ओढली गेलेली ओ-रिंग पोकळींत घट्ट बसते व दाबाखालीं पुन्हां गळते.

दुरुस्ती

ओ-रिंग बदलतांना तो सांधा पुसून, नव्या कडीस त्याच जातीचें तेल लावून बसवावी. कडी त्या गॅसास चालणाऱ्या रबराचीच असली पाहिजे. नळाची साधी कडी फार काळ टिकत नाहीं. पिना बदलाव्या व टोपणें घालावीं. कंडेन्सरच्या चपट्या नळ्या फार पातळ असतात. त्यांस टांका मारण्यापेक्षां कंडेन्सर नवा घालणें शहाणपणाचें. कॉइलचेंही तसेंच, तिच्यासाठीं दर्शनी फळी उतरावी लागते, म्हणून गळती तेथेंच आहे अशी पूर्ण खात्री झाल्याखेरीज ती उघडूं देऊं नये.

यंत्र बराच वेळ उघडें राहिलें असेल तर ड्रायर अवश्य बदलावा. पावसाळ्यांतील दमट हवेंत त्यांतील मणी थोड्याच अवधींत भरून जातात. ओलावा आंत राहिला तर तेलाशीं मिळून धातू खातो, व बारीक छिद्रांत बर्फ होऊन वाट अडवितो. यासाठींच गॅस भरण्यापूर्वीं पंपानें पोकळी करितात. ३० अंशांवर पाणी उकळून निघून जावें, तर आंतील दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरांच्या खालीं जावा लागतो. पांच मिनिटें पंप लावून हें साधत नाहीं, अर्धा ते पाऊण तास द्यावा लागतो. नवा भाग घातल्यास त्याबरोबर गेलेल्या तेलाची भर घालावी. शेवटीं तराजूवर तोलून, पट्टीवर छापला असेल तितकाच गॅस भरावा. अधिक भरल्यानें गारवा वाढत नाहीं. उलट दाब चढून गारवा घटतो व कॉम्प्रेसरवर ताण पडतो.

काय करूं नये

परीक्षेकरितां ऑक्सिजन कधींही भरूं देऊं नये. वेल्डिंगच्या दुकानीं तो हाताशीं असतो, पण दाबाखालीं तेलाशीं गांठ पडतांच स्फोट होतो. स्वयंपाकाचा गॅस स्वस्त म्हणून भरणारे कोठें कोठें आढळतात. तो गार करतो हें खरें, परंतु कॉइल गळली तर तो बंद गाडींत, आपल्या मुलाबाळांच्या पायाशीं सांचतो, आणि एका ठिणगीचें काम राहतें. गळती बुजविण्याचीं औषधें बाटलींतून मिळतात. तीं बारीक वाटाही बुजवितात. आर-१३४ए पेटत नाहीं, पण ज्वाळेंत पडल्यास त्याचे विषारी वायू होतात. म्हणून काम चालू असतां विडी ओढूं नये. द्रव गॅस कातडीवर वा डोळ्यांत उडाला तर तो भाग गोठतो. म्हणून घरच्या घरीं सांधे सोडण्याचें साहस करूं नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेनें फिरतो व त्याचें तेलही निराळें असतें. ती गाडी त्या कामाचें शिक्षण घेतलेल्या माणसाकडेच न्यावी.

हवेंत सोडलेला गॅस कोठें जातो

पूर्वीं मोटारींत आर-१२ गॅस असे. तो वर जाऊन सूर्याच्या घातक किरणांपासून रक्षण करणारा ओझोन नष्ट करतो, हें मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दाखविलें. १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें करार झाला. भारत १९९२ सालीं त्यांत सामील झाला, आणि आर-१२ मागें पडून आर-१३४ए आला. हा ओझोनास अपाय करीत नाहीं, पण उष्णता अडविण्यांत कर्बद्विप्राणिल वायूच्या सुमारें १४३० पट प्रबळ आहे. म्हणून २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीनें त्याचाही वापर क्रमाक्रमानें घटवावयाचा ठरला आहे. भारतानें २०२१ सालीं तीस मान्यता दिली.

याचा हिशेब शेतकऱ्यास समजेल असा मांडतों. समजा, एका मोटारींतून वर्षांत २५० ग्रॅम गॅस गळाला. तो सुमारें ३५७ किलो कर्बद्विप्राणिल वायूइतका, म्हणजे सुमारें १३० लिटर डिझेल जाळल्याइतका होतो. एवढ्या डिझेलांत ट्रॅक्टरनें किती एकर नांगरट होते, हें प्रत्येकानें आपल्याशीं मोजावें. वाढत्या उष्णतेचा पहिला फटका कोरडवाहू शेतीसच बसतो. ती वाढविणारा गॅस आपल्याच दारीं दरसाल सोडून द्यावा व त्यासाठीं पैसेही मोजावे, हा दुहेरी तोटा आहे.

मालकानें मागावयाच्या गोष्टी

सारांश, गाडी दुकानीं नेली म्हणजे पुढील गोष्टी विचाराव्या : आंतील गॅस काढून तोलला काय ? किती निघाला ? गळती कोणत्या रीतीनें शोधली व कोठें सांपडली ? ती जागा आम्हांस दाखवितां काय ? काढलेली ओ-रिंग, पीन किंवा नळी परत द्याल काय ? पोकळी किती वेळ केली ? तोलून किती ग्रॅम भरला ? हीं उत्तरें तारखेसह वहींत लिहावीं. पुढच्या वर्षीं पुन्हां कमी झालाच, तर किती महिन्यांत किती ग्रॅम गेला हें वहीच सांगेल, व गळती बारीक कीं मोठी याचा अंदाज लागेल. चांगला कारागीर अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. त्याच्या कष्टाचें मोल गिऱ्हाइकास समजतें, हें पाहून त्यास समाधानच वाटतें. गळती शोधण्यास त्यानें घेतलेल्या वेळाचे पैसे मात्र कुरकुर न करितां द्यावे. शोधण्याचे पैसे द्यावयाचे नाहींत आणि गॅसाचे तेवढे द्यावयाचे, असा रिवाज आपणच पाडला तर कोणीही शोधीत बसणार नाहीं.

हें सर्व काम माघ-फाल्गुनांत उरकून घ्यावें. वैशाखांत दुकानापुढें रांग लागते, घाई होते, आणि घाईंत गॅस भरला जातो पण गळती तशीच राहते.